नळी, पेज आणि ‘आ आईचा’: डिचोली तालुक्यातल्या एका आजींचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, गावही नाही, आणि एकदोन घरगुती तपशील मुद्दाम बदललेत. बाकी जसं घडलं तसं. मी घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायची काळजी) देणाऱ्या एका छोट्या टीममधला डॉक्टर. टीम म्हणजे मी, एक नर्स आणि अर्धा वेळ येणारी सोशल वर्कर, बस. हे प्रकरण लिहायला घेतलं कारण यात आमच्याही चुका आहेत, आणि अन्न भरवायची नाकातली ‘नळी ठेवायची की काढायची’ हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात परत समोर येतोच.

पार्श्वभूमी

आजी ८६ वर्षांच्या. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, त्या लाटेत लागलेल्या मराठी शाळेच्या शिक्षिका. तीसेक वर्षं नोकरी केली, अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, अजूनही सगळे ‘बाई’च म्हणायचे. आजोबा २००९ ला गेले.

अल्झायमरचं निदान आठ वर्षांपूर्वी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात झालेलं. आधी सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकायला लागला, मग देवळातून घरी यायची वाट चुकली, मग रात्री दोन वाजता उठून हजेरी घ्यायला लागल्या. शेवटची दोन वर्षं खाटेवर, आणि शेवटचं वर्षभर बोलणं म्हणजे दिवसाला चारपाच शब्द.

घरात थोरला मुलगा (त्यांना भाऊ म्हणू), सून (आम्ही वहिनी म्हणायचो, इथेही तेच म्हणतो) आणि कॉलेजला जाणारा नातू. भाऊंचे खाणीवर दोन ट्रक होते, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, दुसरा नंतर. आता घराला लागून दुकान आहे. मुलगी फोंड्याकडे दिलेली, तिला ताई म्हणू. धाकटा मुलगा बोटीवर, वर्षातले आठनऊ महिने समुद्रात, त्याचा फोन लागला तर लागला.

आम्ही पोचायच्या आधी

२०२४ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आजींना ताप आला, छाती भरली, एका खाजगी हॉस्पिटलात ॲडमिट केलं. अन्न श्वासनलिकेत गेल्याने झालेला न्यूमोनिया. नऊ दिवस सलाईन, अँटिबायोटिक. न्यूमोनिया बरा झाला पण आजी तोंड उघडेनात, म्हणून नाकातून नळी घातली आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं की दर तीन तासांनी २०० मिली फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न. ही नळी किती दिवस, कधी काढायची, काढली तर काय, याबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही. भाऊंनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “उपाशी ठेवायचंय का?” आता यावर कुठला मुलगा पुढे बोलणार.

घरी आल्यावर आजींनी पहिल्याच रात्री नळी उपसली. परत चौदा किलोमीटर गाडीतून नेऊन घातली. तीन दिवसांनी परत तेच. मग कुणीतरी सुचवलं म्हणून जुन्या नऊवारीच्या पट्ट्या फाडून हात खाटेच्या कठड्याला बांधायला सुरुवात झाली. मऊ कापड, गाठ सैल, सगळी काळजी घेऊन, पण बांधलेच. धाकट्याचा बोटीवरून व्हिडिओ कॉल आला की वहिनी आधी चादर आजींच्या मनगटांवरून ओढून घ्यायच्या आणि मग मोबाईल फिरवायच्या. हे आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, नर्सला नंतर कळलं.

आम्हाला बोलावलं ते सबसेंटरच्या नर्सने, आणि तेही पडून राहून झालेल्या कमरेखालच्या जखमेसाठी. नळीचा विषयच नव्हता.

पहिली भेट

जुलैचा पहिला आठवडा. माकडहाडावर दुसऱ्या पायरीची जखम, एक रुपयाच्या नाण्याएवढी, अजून वरवरचीच. नळीच्या बाजूची नाकपुडी सोलवटलेली. दोन्ही मनगटांवर निळसर पट्टे. पोट फुगलेलं. आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘फीडमुळे जुलाब’, त्यासाठी जुलाब थांबवायची गोळी चालू.

मी जखम बघितली, एअरबेड सांगितला, दर दोन तासांनी कूस बदलायचं दाखवलं, आणि निघायच्या बेतात होतो. नर्सने विचारलं, “सर, तोंड बघायचं का?” खरं सांगतो, मी बघितलं नव्हतं. आजी ओठ घट्ट मिटून पडलेल्या, चमचा लावला की मान फिरवत होत्या. ‘तोंड उघडत नाहीत’ हे कार्डावर लिहिलेलं वाचून मीही तसंच धरून चाललो होतो.

नर्सने वहिनींना विचारलं, आजी काय करायच्या. शिक्षिका म्हटल्यावर ती खाटेशी वाकली आणि अगदी पहिलीतल्या पोराच्या सुरात म्हणाली, “बाई... अ अननसाचा... आ...?”

आजी म्हणाल्या, “आ.” लांबलचक, नीट, फळ्यासमोर उभं राहून म्हणावं तसा.

टॉर्च मारली तर जिभेवर, टाळूवर, गालांच्या आत सगळीकडे दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर. गॉझने पुसला की खाली लालबुंद, रक्ताळलेलं. बुरशी. नऊ दिवसांचं अँटिबायोटिक, कोरडं तोंड, आणि नळी आहे म्हणून तीन आठवडे तोंडाला कुणी हात लावलेला नाही, मग होणारच. असं तोंड असलं तर आपणही पाणी प्यायचो नाही. कवळी डब्यात पडलेली, घालून बघितली तर सैल, वजन घटल्यावर हिरड्या आटतात.

मग गुदतपासणी केली. दगडासारखा मळ साचलेला, आणि जे ‘जुलाब’ म्हणत होते ते त्याच्या कडेने झिरपणारं पाणी. त्यावर जुलाब थांबवायची गोळी म्हणजे आगीत तेल. बद्धकोष्ठाचं हे रूप वयस्कर लोकांत इतकं कॉमन आहे की खाटेवरच्या माणसाला अचानक पातळ व्हायला लागलं तर औषध द्यायच्या आधी बोट घालून तपासा, एवढं तरी या लेखातून घ्या.

औषधांची पिशवी उलटी केली. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल, त्याने भूक मरते आणि मळमळतं. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, त्याने तोंड सुकतं, मळ अडतो, आणि डोनेपेझिलच्या नेमकं उलटं काम करतं. दोन्ही दोन वेगळ्या डॉक्टरांची, दोन वेगळ्या वर्षांतली, आणि कुणीच बंद न केलेली.

पहिल्या भेटीत नळीबद्दल काही ठरवलं नाही. बुरशीला फ्लुकोनाझोल आणि तोंडात लावायला क्लोट्रिमाझोल, एनिमा, मग पोट साफ व्हायला रोज लॅक्टुलोज, जुलाबाची गोळी बंद, डोनेपेझिल बंद, अमिट्रिप्टिलिन आठवडाभरात कमी करत बंद. दिवसातून चार वेळा मऊ ओल्या गॉझने तोंड पुसायचं. एक आठवडा.

पर्याय काय होते

आठवड्याने पडवीत बैठक झाली. बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावरचा आवाज इतका की मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि असल्या गोष्टी मोठ्याने बोलायला विचित्र वाटतं. भाऊ, ताई, भाऊंचे एक काका, धाकटा व्हॉट्सॲपवर अधूनमधून तुटत.

पहिला पर्याय, नळी चालू ठेवायची. ताईंचं हेच म्हणणं. नळीमुळे निदान पोटात किती गेलं ते कळतं, माझी आई उपाशी मरता कामा नये.

दुसरा, पोटाला भोक पाडून कायमची नळी. हे काकांनी कुठेतरी ऐकलेलं. नाक मोकळं राहतं हे खरं, पण ती घालायची प्रक्रिया आहे, भूल आहे, आणि ती नळीसुद्धा हात ओढतातच.

तिसरा, नळी काढून चमच्याने, जेवढं जाईल तेवढं, त्यांना बरं वाटेल तसं भरवायचं. त्यात परत ठसका लागून न्यूमोनिया व्हायचा धोका उघड आहे, आणि वजन कमी होत जाणार हेही.

मी जे सांगितलं ते थोडक्यात असं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच प्रकार) इतका पुढे गेल्यावर नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो याला आधार सापडलेला नाही. लाळ तर नळी असली तरी श्वासनलिकेत जातेच, पोटातलं वर येतं तेही जातं. उलट हात बांधावे लागतात, हालचाल कमी होते, जखमा वाढतात. अमेरिकेतल्या जेरियाट्रिक्स (वृद्धांवरचे उपचार) सोसायटीने २०१४ मध्ये याच कारणासाठी अशा रुग्णांत नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवायची शिफारस केली. आणि बोस्टनकडच्या नर्सिंग होम्समधल्या ३२३ रुग्णांचा २००९ साली छापून आलेला अभ्यास आहे, त्यात या टप्प्यावरचे निम्म्याहून जास्त रुग्ण १८ महिन्यांत गेले, आणि बहुतेकांना गिळण्याखाण्याचा त्रास झालेला. म्हणजे आजी जेवत नाहीत म्हणून जाणार आहेत असं नाही, आजार शेवटाकडे आलाय म्हणून जेवण सुटतंय. हे वाक्य मी बरेचदा वापरतो. ताईंच्या चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

भाऊंनी विचारलं की हायकोर्टाच्या त्या न्यायमूर्तींनी केलं तसं आईचं लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) करता येईल का. २०२४ मध्येच मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं केलं, त्याची बातमी सगळीकडे होती. सांगितलं की नाही, ते ज्याचं त्यानेच, डोकं ताळ्यावर असताना करायचं. आजींच्या बाबतीत आठ वर्षं उशीर झालाय. तुमचं तुम्ही उद्या करू शकता, २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं.

मग मी सगळ्यांना विचारलं, आजी धडधाकट असताना याबद्दल कधी काही बोलल्या होत्या का? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि नाही म्हणाले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, कप ठेवले, आत गेल्या. बैठक काही न ठरता संपली.

जिथे निर्णय खरा झाला

दोन दिवसांनी नर्स ड्रेसिंगला गेली, नेहमीप्रमाणे मागच्या दाराने. स्वयंपाकघरात वहिनींनी तिला दोन गोष्टी सांगितल्या.

एक, आजोबा शेवटी आयसीयूत होते तेव्हा आजी रोज भेटून यायच्या आणि घरी आल्यावर हात धुता धुता म्हणायच्या, “माझे हात असे बांधलेले मला चालणार नाहीत हं. तुला सांगून ठेवते, पोरं ऐकायची नाहीत.” एकदा नाही, बरेचदा.

दुसरी, तोंड बरं झाल्यापासून, म्हणजे चारपाच दिवस, त्या कुणाला न सांगता आजींना घट्ट पेज भरवत होत्या. नळी नाकात असताना. पाचसहा चमचे. “मागतात हो त्या. चमचा वाजला की बघतात.”

पंधरा वर्षं ज्या बाईने आजींचं सगळं केलं, तिला मी बैठकीत विचारलंच नव्हतं, कारण ती खुर्चीवर बसलेली नव्हती. माझी चूक. ‘सगळ्यांना’ विचारलं म्हणजे चहा पिणाऱ्यांना विचारलं.

दुसऱ्या बैठकीत वहिनींना बसवलं. त्यांनी सासूचं वाक्य सांगितलं. ताई चिडल्या, मला आई असं कधी बोलली नाही म्हणाल्या, आणि ते खरंही असेल. भाऊ बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाले, “हात तर सोडूया.” धाकट्याला तेव्हाच चादरीचं कळलं. त्याने नंतर व्हॉइस मेसेज पाठवला, भाऊ म्हणेल तसं करा, आणि तो मेसेज आम्ही फाईलसाठी जपून ठेवला.

ठरलं ते असं की दोन आठवडे नळीशिवाय बघायचं. कायमचं असं काही नाही. दोन आठवड्यांनी परत बसायचं. ही मुदतीची गोष्ट ताईंनी कशीबशी मान्य केली, ‘कायमचं’ म्हटलं असतं तर नसती केली. सोबत एक पानी कागद बनवला: दुखणं आवरत नसेल, हाड मोडलं, रक्त वाहिलं तर हॉस्पिटल, ताप किंवा छाती भरली तर आधी आम्हाला फोन, उपचार घरीच. भाऊ, ताई, वहिनी आणि आजींचे जुने फॅमिली डॉक्टर, सगळ्यांच्या सह्या.

भरवायची पद्धत

हे जरा सविस्तर लिहितो कारण याचं ट्रेनिंग कुणी देत नाही. पाठीला उशा लावून नव्वद अंशात बसवायचं, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीत बसायचं, उभं राहून नाही. अर्धा छोटा चमचा. गिळलं का ते गळ्याकडे बघून ठरवायचं आणि मगच पुढचा. घाई केली की ठसका. पाणी, चहा, सोलकढी असलं पातळ सगळ्यात धोक्याचं, उकड्या तांदळाची घोटलेली पेज, नाचणीचं तिझण (लापशी), कुस्करलेलं केळं हे बरं. झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं, आणि तोंड साफ करायचं, गालात साठलेला घास तासाभराने घशात जातो.

‘आ आईचा’ तर घरात चालूच झालं होतं, नातवालाही मजा वाटायची. पण त्यात एक खोच आहे. ‘आ’ म्हणताना श्वासाची वाट उघडी असते, तेव्हाच चमचा घातला तर घास तिकडेच जाणार. म्हणून आजींचा ‘आ’ पूर्ण होऊ द्यायचा, एक क्षण थांबायचं, मग चमचा खालच्या ओठाला लावायचा. वहिनींना हे एकदा दाखवलं, परत सांगावं लागलं नाही.

एका जेवणाला पाऊण तास लागायचा. दिवसातून चार वेळा. भाऊंनी दुकान दुपारी बंद ठेवायला सुरुवात केली आणि दोडामार्गकडची एक केअरटेकर सकाळपुरती लावली, नाहीतर वहिनी कोलमडल्या असत्या.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांनी जखम भरत आलेली, मनगटं स्वच्छ. खाटेवरच्या माणसाचं वजन करता येत नाही म्हणून आम्ही दंडाचा घेर मोजतो, तो १९ सेंटिमीटर होता तो १८.५ झाला. म्हणजे वजन वाढलं नाहीच, हे ताईंना लपवलं नाही. तरी नळी परत घालायची नाही असं ठरलं.

चवथीला, म्हणजे गणपतीत, घर भरलेलं होतं. वहिनींनी पातोळीतलं चून (गूळखोबऱ्याचं सारण) तेवढं काढून, बारीक कुस्करून, दोन चमचे दिलं. लोणच्याचा खार बोटाने जिभेला लावला तर आजींनी ओठ चाटले आणि डोळे बारीक केले. मला फोटो आला होता.

सप्टेंबरअखेर एकदा ताप येऊन गेला, घरीच गोळ्या देऊन निभावला. त्यानंतर ‘आ’ बंद झाला. चमचा लावला तरी ओठ हलेनात. ऑक्टोबरमध्ये एका रात्री दीड वाजता श्वास घरघरायला लागला. जागा होता फक्त नातू. त्याने घाबरून १०८ ला फोन लावला, मला दोनदा केला. माझा मोबाईल सायलेंटवर होता. कागद कपाटात, किल्ली भाऊंच्या उशाखाली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांचं काम केलं, त्यांना कोण दोष देणार. कॅज्युअल्टीत आजी सकाळपर्यंत स्ट्रेचरवर, ऑक्सिजन, सुया, आणि परत नळीची गोष्ट निघाली. सहाला मी फोन बघितला. दुपारी घरी आणल्या.

शेवटचे दोन दिवस घरीच. एका कुशीवर ठेवलं की घरघर कमी व्हायची, जोडीला घशातला स्राव कमी करणारी हायोसिनची इंजेक्शनं. धाप लागली तर १० मिलिग्रॅमच्या मॉर्फिनच्या गोळीचा चौथा हिस्सा थेंबभर पाण्यात विरघळवून गालाच्या आत, सगळी मिळून तीन वेळा द्यावी लागली. ओठांना ओलं गॉझ. ताई येऊन राहिल्या होत्या, रात्रभर उशाशी त्याच. आजी पहाटे गेल्या तेव्हा खोलीत ताई आणि वहिनी दोघीच होत्या.

घरी मृत्यू झाला की एक कागदाची भानगड असते जी आधी कुणाच्या डोक्यात नसते. कारणाचा दाखला फॉर्म ४ए वर डॉक्टरने द्यायचा आणि पंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद. रविवार होता. मी फॉर्म गाडीतच ठेवतो, तेवढी एक गोष्ट तरी नीट झाली.

वेगळं काय करता आलं असतं

हॉस्पिटलात नळी घालायच्या आधी कुणीतरी तोंडात टॉर्च मारायला हवी होती, आणि मला ते दुसऱ्यांवर ढकलता येत नाही, मीही नर्सने विचारेपर्यंत मारली नव्हती. आता आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तोंड आणि शौच हे दोन रकाने सगळ्यात वर आहेत.

पहिल्या बैठकीत वहिनी नव्हत्या म्हणून हात आणखी काही दिवस बांधलेले राहिले. आता सोशल वर्कर आधी विचारते की आंघोळ कोण घालतं, आणि ते माणूस बसल्याशिवाय मी सुरू करत नाही.

कागद आता फ्रिजवर लावतो, चुंबकाने, आणि त्यावर माझ्याखाली नर्सचा नंबर. रात्री घरघर सुरू झाली तर ती कशी ऐकू येते हे आधीच घरातल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, करून दाखवतो. नातवाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पोराने अजून ते मनाला लावून घेतलंय, त्याच्याशी दोनदा बोललो.

नळीचा निर्णय बरोबर होता का? मला वाटतं होता. ताईंना नाही वाटत. बाराव्यानंतर भेटलो तेव्हा म्हणाल्या, “नळी असती तर दिवाळी बघितली असती तिने.” मी आकडे परत काढले नाहीत. कदाचित बघितलीही असती, कुठल्या एका माणसाबद्दल छातीठोक कोण सांगणार.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला, एअरबेड कधी नेता, पुसून ठेवलाय, कुणाला तरी लागेल. पेडण्याकडच्या एका आजोबांकडे दिला. पंपाला रात्री जरा घर्र आवाज येतो, खाली जाड गोधडी घातली की कमी होतो, हे वहिनींनीच सांगून ठेवलं होतं.